73939133: गुण संख्येचा की लिखाणाचा?

चौकोनी शून्य:
73939133 ही मूळ संख्या. शेवटचा अंक खोडला की 7393913 उरते, तीही मूळ. असंच खोडत जा: 739391, 73939, 7393, 739, 73, 7. सगळ्या मूळ. दशमान पद्धतीत अशा 83 संख्या आहेत आणि ही त्यांतली सर्वांत मोठी.

गंमत झकास, पण हा संख्येचा गुण मानायला मी तयार नाही. हीच संख्या आठच्या पायात, म्हणजे दहाऐवजी आठाआठाचे गट करून फक्त 0 ते 7 या अंकांत, मांडून शेवटचा अंक खोडा. जे उरतं ते आपल्या दशमानात 9242391. अंकांची बेरीज 30, म्हणजे 3 ने भाग जातो. पहिल्याच पायरीवर खेळ खलास!

उलट 4294967297 घ्या, म्हणजे 2³² + 1. फर्मा या गणितज्ञाला ती मूळ वाटायची. पुढे ऑयलर या गणितज्ञाने 1732 मध्ये 641 × 6700417 असे अवयव काढून दाखवले. कुठल्याही पायात लिहा, ते अवयव तेच राहतात. याला म्हणतात गुण.

भागाकार:
साफ अमान्य. यादी 83 वरच का थांबते, हे पाहिलंत का? 2, 3, 5, 7 पासून सुरू करून पुढे 1, 3, 7, 9 एवढेच अंक जोडता येतात. सात अंकी 8 मिळतात, आठ अंकी 5 आणि नऊ अंकी एकही नाही. 73939133 पुढे 1 किंवा 7 लावा, 3 ने भाग जातो. 3 आणि 9 लावूनही मूळ संख्या येत नाही. ही चोख सिद्धता आहे, नुसती गंमत नव्हे.

चौकोनी शून्य:
सिद्धता आहे, पण तिच्यातून पुढे काय निघतं? 4294967297 च्या मूळ अवयवाला 64 ने भागलं की बाकी 1 च उरते, हे ऑयलरनेच नंतर सिद्ध केलं. त्यामुळे तपासायच्या कोणत्या, तर 193, 257, 449, 577, 641. पाचवीलाच सापडला!

एकाचा पाढा:
मध्येच तोंड घालतो. 19 वेळा 1 लिहिला की येणारी संख्या मूळ आहे. ही दशमानाची गंमत म्हणायची ना? मग 2024 मध्ये सापडलेली 2¹³⁶²⁷⁹⁸⁴¹ − 1 ही मूळ संख्या बायनरीत, म्हणजे दोनच्या पायात, लिहून बघा, नुसते एकावर एक. तिला मात्र कुणी गंमत म्हणत नाही.

चौकोनी शून्य:
कारण घात ही क्रिया आहे. अंक खोडणं म्हणजे कागदावरची खाडाखोड.

भागाकार:
अहो, खोडणं म्हणजे 10 ने भागून बाकी सोडून देणं. तीही क्रियाच की!

चौकोनी शून्य:
पण 10 च का? हाताला दहा बोटं म्हणून?

भागाकार:
मग घात तरी 2 चाच का?

चौकोनी शून्य:
3 चा कुठलाही घात अधिक 1 सम येतो. मूळ असण्याचा प्रश्नच मिटला.

भागाकार:
6 सम आहे. 6² + 1 = 37, मूळ. 6⁴ + 1 = 1297, मूळ. 6 ने काय घोडं मारलंय?