थंड वाऱ्यात खुराडे बंद ठेवावे की हवेशीर?

आठांचा_धनी

नमस्कार. घरामागच्या अंगणात आमच्या सात कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. खुराडे लाकडी, ६ फूट लांब व ५ फूट रुंद असून त्याला लागूनच जाळीचे मोकळे आवार आहे. कोंबड्यांसह हा आमचा पहिलाच हिवाळा. गेले तीन आठवडे रात्रीचे तापमान शून्याखाली ८ ते १० अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आहे आणि मोकळ्या शेतांवरून येणारा वारा दिवसरात्र थांबत नाही. थंडीचा पहिला तडाखा बसला त्याच दिवशी मी छपराखालच्या सगळ्या फटी गोणपाट आणि प्लास्टिकने बुजवल्या, दाराला आतून जाड कांबळे लावले आणि आता वाऱ्याचा शिरकाव नाही म्हणून निर्धास्त झालो.

चार दिवसांपूर्वी कोंबड्याच्या तुऱ्याची टोके आधी पांढुरकी आणि मग काळी पडलेली दिसली. दोन कोंबड्यांच्या तुऱ्यांवरही तशीच खूण आहे. सकाळी दार उघडावे तर खिडकीच्या काचेला आतून बर्फाची जाळी धरलेली असते. फटी उघड्या होत्या तोवर काही झाले नाही आणि बुजवल्यावर मात्र हिमदंश झाला, हे कसे? आत उष्णता देणारा दिवा लावावा काय? पाणी सारखे गोठते आणि अंडी दिवसाला एखाददुसरेच मिळते, त्याविषयीही कोणी सांगितले तर बरे होईल, पण आधी तुऱ्याचे पाहावे.

जुनी_दांडी

तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच खिडकीच्या काचेवर आहे. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते. तिचा प्रत्येक श्वास गरम आणि ओलसर बाहेर पडतो, आणि ताज्या विष्ठेत जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असते. आठ पक्षी लांबलचक हिवाळी रात्र बंद पेटीत काढतात तेव्हा ही सगळी वाफ जाणार कुठे? काचेवर बसते तशीच ती तुऱ्यावर आणि चोचीखालच्या लोलकांवर बसते. तिथे पिसांचे पांघरूण नाही, त्यामुळे ओली झालेली कातडी सर्वांत आधी गोठते. कोरडी थंडी कोंबडीला सोसते, कारण पिसे फुलवून ती अंगाभोवती हवेचा थर धरून ठेवते. ओल आली किंवा वारा पिसांत शिरला की तो थर मोडतो. तुम्ही वारा अडवलात ते योग्यच केलेत, मात्र त्याबरोबर वाफेची वाटही बंद झाली.

तेव्हा छपराखालच्या फटी आजच मोकळ्या करा, विशेषतः वाऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या. हवा जाण्यायेण्याची जागा दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याहून निदान फूटभर उंच असावी आणि त्या पातळीखाली एकही फट नसावी. हवा खेळणे वेगळे आणि अंगाला झोत लागणे वेगळे. तो फरक हाताला कळत नाही, म्हणून मी कोंबडीचेच एक मऊ, लवदार पीस दोऱ्याला बांधून दांडीच्या उंचीवर टांगतो. ते जागच्या जागी हलकेच थरथरले तर ठीक, पण एका बाजूला कलून राहिले तर तिथे झोत आहे असे समजावे.

दुसरी परीक्षा नाकाची. पहाटे दार उघडताक्षणी वाकून दांडीच्या पातळीवर श्वास घ्यावा. डोळ्यांना किंवा नाकाला झोंबले तर विष्ठेतून सुटणारा अमोनिया वायू साचला आहे. उभ्याने वास घेऊन उपयोग नाही, आणि दोन-चार मिनिटे आत थांबून तर मुळीच नाही, कारण नाक लवकर सरावते. कोंबडीच्या श्वासनलिकेला मात्र ती सवय होत नाही. गादीही तपासा. भुसा किंवा पेंढा निदान ६ इंच असावा आणि मूठभर उचलून दाबला तर त्याचा गोळा होऊ नये. दांडीखालची विष्ठा रोज सकाळी काढली तरी निम्मी ओल जाते, असा माझा अनुभव आहे.

काळा पडलेला भाग कापू नका, चोळू नका, शेकूही नका. तो सुकून आपोआप गळतो आणि तोवर खालच्या भागाला त्याचे आवरण मिळते. सूज वा पू दिसला तरच पशुवैद्याकडे न्यावे. हिमदंश झालेल्या कोंबड्याची फलनक्षमता काही काळ मंदावते, त्यामुळे उबवणीची अंडी इतक्यात ठेवू नयेत. तुऱ्याला पेट्रोलियम जेली फासण्याचा सल्ला तुम्हाला मिळेलच. मी दोन हिवाळे ती फासली आणि तरीही तुरे काळे पडले. हिमदंश थांबला तो छपराखाली भोके पाडल्यावरच.

राखेतले_अंडे

दिव्याबद्दल मी लिहितो, कारण तो प्रयोग मी करून बसलो आहे. दिवा साखळीला टांगला होता. एका रात्री कोंबडी उडून त्यावर आदळली, आकडा निसटला आणि दिवा गादीत तोंड खुपसून पडला. सुदैवाने मी अंडी विसरलो म्हणून परत गेलो, तर भुसा वीतभर वर्तुळात काळा होऊन धुमसत होता. ज्वाला अजून उठली नव्हती. खुराड्यात सुका भुसा, धूळ आणि पिसे असतात, त्यामुळे आग लागायला फार काही लागत नाही.

आग बाजूला ठेवली तरी तोटा उरतोच. उबेला सरावलेल्या कोंबड्या अंगावर पुरेशी दाट पिसे धरत नाहीत आणि वीज गेली की एका रात्रीत त्यांच्यावर सगळी थंडी कोसळते. पिलांची गोष्ट निराळी. त्यांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंशांची ऊब लागतेच. आजारी कोंबडीला घरात खोक्यात ठेवावे. पण धडधाकट, पूर्ण पिसांच्या कोंबडीला शून्याखाली १० अंशांत दिवा लागत नाही.

त्याऐवजी दांडी पाहा. ती गोल आणि बारीक असेल तर बोटे उघडी राहतात. ९ सेंटिमीटर रुंदीची चपटी पट्टी लावली तर कोंबडी पायांवर बसते आणि छातीच्या पिसांत बोटे झाकली जातात. संध्याकाळी दांडीवर चढण्याआधी मूठभर मका टाकावा, म्हणजे रात्रभर पचनाची ऊब मिळते. मात्र मका दिवसभराच्या खाद्याच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे जाऊ नये, नाहीतर प्रथिने कमी पडतात.

कुंपणकार

वरच्या दोघांशी मी सहमत आहे, पण दोघांनीही बाहेरच्या आवाराचा विचार केलेला नाही, आणि कोंबड्या दिवस तिथेच काढतात. वारा अडवायला लोक जाळीला अखंड प्लास्टिक बांधतात. ते फडफडून कोंबड्यांना बुजवते आणि भिंतीसारखा अडथळा उभा राहिला की वारा त्याच्यावरून उसळून पलीकडे भोवऱ्यासारखा खाली येतो. अर्धे झाकलेले आणि अर्धे मोकळे कुंपण, म्हणजे फटी ठेवून ठोकलेल्या फळ्या किंवा गच्च विणीची जाळी, वाऱ्याला पुरते अडवत नाही, पण त्याचा वेग काढून घेते. अशा कुंपणाचा आडोसा उंचीच्या दहापट अंतरापर्यंत जाणवतो, म्हणजे ६ फुटी कुंपण जवळजवळ ६० फुटांपर्यंत उपयोगी पडते. कोपऱ्यात छपराखाली कोरडी माती आणि थोडी राख ठेवलीत तर धुळीत लोळण्याची सोयही होईल. हिवाळ्यात उवांचा त्रास वाढतो.

पाण्यासाठी सोपा उपाय म्हणजे काळ्या रबराची दोन घमेली. एक गोठले की दुसरे कोमट पाण्याने भरून ठेवावे आणि पहिले उलटे करून बर्फ पाडावा. रबर तडकत नाही. अंधारात कोंबड्या पाणी पीत नाहीत, म्हणून रात्री भांडे आत ठेवण्याची गरजच नाही, आणि आतली तेवढी ओल वाचते. घमेले फार रुंद नसावे, कारण लोलक बुडून ओले झाले की तेच आधी गोठतात.

अंडी थंडीने नव्हे, तर मुख्यतः दिवस लहान झाल्याने कमी होतात. १४ ते १६ तासांचा उजेड लागतो. टायमरवरचा छोटा दिवा लावायचाच असेल तर तो पहाटे लावावा. संध्याकाळी लावला आणि अचानक विझला तर कोंबड्या दांडीखालीच अडकतात. मी स्वतः लावत नाही, कारण पिसे झडल्यानंतरची ती त्यांची विश्रांती आहे, असे मला वाटते. अंडी मात्र दिवसातून तीनदा गोळा करा. गोठून कवच तडकलेले अंडे ठेवू नका.

आठांचा_धनी

सर्वांचे आभार. फटी उघडल्या, कांबळे काढले, दांडीखाली पत्रा घातला आणि तो रोज खरवडतो. आज तिसऱ्या सकाळी काच कोरडी होती. पहाटे वाकून वास घेतला तेव्हा लक्षात आले की यापूर्वी मी कधी वाकलोच नव्हतो. कोंबड्याच्या तुऱ्याची काळी टोके तशीच आहेत, पण नवा डाग नाही. एक शंका उरली आहे. पीस टांगून पाहिले तर दांडीच्या आतल्या टोकाला ते स्थिर राहते, पण दाराकडच्या टोकाला सतत कलते आणि कोंबडा नेमका तिथेच बसतो.

जुनी_दांडी

दाराच्या खालच्या फटीतून वारा शिरून तिथे वर चढत असणार. उंबऱ्याला ४ इंचांची फळी ठोका आणि दांडी त्या टोकाकडून फूटभर आखूड करा. आठ जणांना प्रत्येकी ९ इंच मिळाले तरी पुरे, आणि ६ फुटांत तेवढीच जागा असल्याने दांडी कापल्यास मागच्या भिंतीला त्याच उंचीवर दुसरी छोटी दांडी जोडावी लागेल. मग पीस पुन्हा टांगून पाहा.