गाण्यांच्या संग्रहासाठी नॅस: चार खणांचं घ्यावं की दोन खणांचं पुरतं?

कॅसेटवाला_लातूर
नमस्कार मंडळी. घरातल्या गाण्यांसाठी नॅस घ्यायलोय (घरच्या नेटवर्कला जोडायचा डिस्कांचा डबा, एका खणात एक डिस्क). 1100 सीडी फ्लॅकमध्ये (आवाज न घटवता दाबलेल्या फाइलींत) काढून झाल्यात. 60 मिनिटांच्या 200 कॅसेटी (बहुतेक भजन, भारूड, नाट्यसंगीत) 24 बिट 48 किलोहर्ट्झवर घ्यायच्यात. शिवाय विकत घेतलेले 24/96 चे (24 बिट, 96 किलोहर्ट्झ) 150 अल्बम. खाली हॉलमध्ये रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरचा, नेटवर्कवरून गाणी वाजवणारा स्ट्रीमर, वर टीव्ही, बाकी घरच्यांचे मोबाइल. दुकानदार चार खणांचा डबा, 8 टीबीच्या चार डिस्क आणि रेड 5 (RAID, एक डिस्क मेली तरी डेटा वाचवणारी जोडणी) सुचवायलाय. 2.5 गिगाबिटचं पोर्ट लागतंच का? आणि आवाज नको म्हणून डबा वरच्या माळ्यावर ठेवायचा विचार आहे, चालेल ना?

खर्ज_नांदेड
दादा, आधी बेरीज करा. तासाभराची सीडी फ्लॅकमध्ये सरासरी 300 एमबी, म्हणजे 1100 सीडींचे 330 जीबी. तासाची कॅसेट 24/48 स्टीरिओत कच्ची 1 जीबीच्या थोडी वर जाते. टेपची खरखर नीट दाबली जात नाही, म्हणून फ्लॅक करूनही 700 एमबी धरा: 200 कॅसेटींचे 140 जीबी. 24/96 चा अल्बम सव्वा जीबी धरला तर आणखी 190. सगळं मिळून पाऊण टीबीसुद्धा होत नाही. रेड 5 मध्ये एका डिस्कएवढी जागा जाऊनही तुम्हाला 24 टीबी उरतात. त्यात घालणार काय?

दोन खणांचा डबा, 4 टीबीच्या दोन डिस्क, रेड 1 (दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जातं). संगणकावर 3.6 दिसेल, घाबरू नका, ती मोजायची पद्धत वेगळी आहे. 2.5 गिगाबिटची काही गरज नाही. सीडीचं फ्लॅक सेकंदाला 1 मेगाबिटच्या आतबाहेर जातं, 24/96 न दाबता पाठवलं तरी 4.6. घरात चार ठिकाणी एकदम वाजलं तरी 20 मेगाबिटच्या आत. साधं गिगाबिट पोर्ट यासाठी ढीगभर आहे. गाणं अडखळत असेल तर दोष बहुधा वायफायचा असतो. हॉलमधल्या स्ट्रीमरला केबल ओढा.

डिस्क घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. एसएमआर पद्धतीची डिस्क रेडमध्ये नको. तिच्यात ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एक डिस्क बदलून दुसरीवर सगळं पुन्हा भरताना लिहिण्याचा वेग कोसळतो आणि कधी कधी डबा ती डिस्क खराब समजून बाहेर टाकतो. डब्ल्यूडीची नुसती 'रेड' (हे डिस्कचं नाव, Red) 2 ते 6 टीबीत एसएमआर आहे, 'रेड प्लस' सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली. सीगेटची आयर्नवुल्फ सीएमआर. ऑनलाइन स्वस्त दिसली की डिस्क आल्याबरोबर तिचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का ते बघा, नाही दिसली तर परत करा.

उन्हाळा_परभणी
माळ्याचं डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 42-43 असतं, स्लॅबखालच्या किंवा पत्र्याखालच्या बंद माळ्यावर त्याहून वर जातं. सिनॉलॉजी या नॅस कंपनीच्या घरगुती डब्यांची खोलीच्या तापमानाची मर्यादा 40 अंश लिहिलेली असते. डिस्क स्वतः 60-65 पर्यंत सहन करते म्हणतात, पण आतलं तापमान खोलीपेक्षा 8-10 अंशांनी जास्तच राहतं. ते 50 च्या आत ठेवायचं. खालच्या मजल्यावरची, उन्हाची भिंत नसलेली खोली बघा. काचेच्या शोकेसमध्ये नको आणि कूलरच्या झोतात तर अजिबात नको, ओलावा आणि धूळ दोन्ही आत ओढलं जातं. मागचा पंखा दर दोन महिन्यांनी, डबा बंद करून, ब्रशने झाडा. आवाजाची अडचण असेल तर भिंतीला टेकवू नका, खाली रबराचा जाड तुकडा ठेवा. लाकडी फळीच घुमते, डिस्क नाही.

आता लाइट. इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको, हा हिशेब बरोबर नाही. इन्व्हर्टर नेहमीच्या मोडवर असेल तर बदलताना इतका वेळ जातो की डबा रीस्टार्ट होऊ शकतो. यूपीएस मोडवर बहुतेक वेळा तरतो. पण रात्रभर लाइट आली नाही आणि इन्व्हर्टरची बॅटरी संपली, तर डब्याला ते कळत नाही आणि लिहिता लिहिता तो बंद पडतो. म्हणून 600 व्हीएचा छोटा यूपीएस घ्या, पण मागे यूएसबी डेटा पोर्ट असलेलाच. स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलांना ते नसतं, दुकानात उलटा करून बघा. ती केबल डब्याला जोडली की सेटिंगमध्ये 'बॅटरीवर 5 मिनिटं झाली की सुरक्षित बंद हो' आणि 'वीज आल्यावर आपोआप सुरू हो' हे दोन्ही लावा. राउटरही त्याच यूपीएसवर घ्या.

अजून एक. वळवाच्या पावसात विजा पडतात तेव्हा झटका नुसता प्लगातून येत नाही, घराबाहेरून वर नेलेल्या लॅन केबलमधूनही येतो. केबल घराच्या आतून न्या, आणि आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

कॅसेटवाला_लातूर
माळा रद्द. दोन खणांचं ठरलं. रेड 1 आहे म्हणजे बॅकअप झालाच ना? आणि टॅग (फाइलीतली गाण्याची माहिती) सगळे मराठीत केलेत, त्यानं काही अडचण?

खर्ज_नांदेड
नाही झाला. रेड 1 फक्त एक डिस्क मेली तर वाचवतं. गाण्यांच्या संग्रहात डिस्क मरण्यापेक्षा जास्त नुकसान टॅग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरनं होतं: चुकीचा फोल्डर निवडून एक बटण दाबलं की 400 फाइलींची नावं बदलतात, आणि दुसऱ्या डिस्कवरही त्याच क्षणी बदलतात. नेटवर्कवरून खोडलेली फाइल विंडोजच्या रिसायकल बिनमध्येही जात नाही, डब्यावरचा रिसायकल बिन वेगळा चालू करावा लागतो. बीटीआरएफएसवर (डिस्कवर फाइली साठवायची एक पद्धत) स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, मिळत असतील तर रोजचा एक लावा.

त्याशिवाय 2 टीबीची बाहेरची डिस्क: महिन्यातून एकदा जोडायची, कॉपी करायची, काढून दुसऱ्या घरी ठेवायची. कायम जोडलेली राहिली तर विजेचा झटका तिलाही बसतो. चार खणांचे वाचलेले पैसे इथे आणि यूपीएसवर घाला. कॅसेटींच्या कच्च्या रेकॉर्डिंगची कॉपी आधी. सीडी पुन्हा काढता येते, टेप दरवेळी तशीच वाजेल याची खात्री नाही.

फ्लॅकचा एक फायदा लोक वापरत नाहीत: फाइलीत मूळ आवाजाचा एमडी5 ठसा (आवाज बदलला की न जुळणारा आकडा) असतो. फ्लॅकच्या टेस्ट पर्यायानं किंवा फूबार2000 या प्लेयरच्या तपासणीनं सगळा संग्रह पडताळता येतो. बॅकअप घेण्याआधी हे करा, नाहीतर बिघडलेली फाइल चांगल्या फाइलीवर चढते.

अनुस्वार_संभाजीनगर
मराठी टॅगांचं सांगतो, हे इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाही.

लिनक्सवर (म्हणजे बहुतेक सगळ्या नॅसवर) फाइलीच्या नावाची मर्यादा 255 बाइट आहे, अक्षरांची नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. 'पंडित मल्लिकार्जुन मन्सूर' एवढ्यानंच 71 बाइट जातात. पुढे राग, ताल, बंदिशीचे बोल आणि मैफलीचं गाव लावलं की कॉपी मध्येच 'नाव फार लांब' म्हणून थांबते. विंडोजवर तीच फाइल चालत असते, म्हणून डबा बिघडला असं वाटतं. सिनॉलॉजीत एन्क्रिप्टेड शेअर्ड फोल्डर केलंत तर मर्यादा 143 वर येते, म्हणजे 47 चिन्हं. गाण्यांचं फोल्डर एन्क्रिप्ट करू नका. फाइलीचं नाव छोटं ठेवा ('03 यमन'), बाकी सगळं टॅगमध्ये.

फ्लॅकचे टॅग यूटीएफ-8 मध्येच (सगळ्या लिपी बसणाऱ्या पद्धतीत) असतात, तिथे प्रश्न नाही. एमपीथ्रीत जुना आयडी3 पहिल्या आवृत्तीचा टॅग उरला असेल तर तो एमपीथ्रीटॅग या सॉफ्टवेअरनं उडवा, त्यात देवनागरी बसतच नाही. 'वारकऱ्यांचे' मधला ऱ दोन प्रकारे साठवला जातो, एक अखंड आणि एक र अधिक नुक्ता (खालचं टिंब). जुन्या मॅकवरून आलेल्या फाइलींत दुसरा असू शकतो. दिसायला सारखं, पण सर्व्हर (डब्यावरून गाणी पुरवणारं सॉफ्टवेअर) दोन वेगळे अल्बम दाखवतो. असे दोन अल्बम दिसले तर नाव खोडून दोन्हीकडे नव्यानं टाइप करा.

अभंगांसाठी: 'संत नामदेव', 'नामदेव', 'नामदेव महाराज' यातलं एकच ठरवा. नियमानं पाहिलं तर रचनाकार गीतकाराच्या टॅगमध्ये जायला हवा, पण बरेच सर्व्हर तो टॅग शोधात दाखवत नाहीत. मी म्हणेन, संगीतकाराच्या रकान्यात संताचं नाव टाका आणि चाल देणाऱ्याचं शेऱ्यात. शुद्धतावादी ओरडतील, पण 'जनाबाई' शोधल्यावर जनाबाई सापडली पाहिजे.

सर्व्हरचं म्हणाल तर पायवरच्या स्ट्रीमरला लिरियन (पूर्वीचं लॉजिटेक मीडिया सर्व्हर) उत्तम, दोन खोल्यांत एकाच वेळी तेच गाणं वाजवतं. मोबाइलसाठी नॅव्हिड्रोम, ते मात्र पूर्ण टॅगांवर चालतं. दोन्ही कंटेनरमध्ये (डब्यावर वेगळ्या कप्प्यात सॉफ्टवेअर चालवायची सोय) टाकायचे असतील तर ते मॉडेल कंटेनर चालवतं का, हे पैसे देण्याआधी कंपनीच्या पानावर बघा. स्वस्त मॉडेलांत ही सोय बरेचदा नसते. टीव्ही 24/96 वाजवत नसेल तर डीएलएनए सर्व्हरला (टीव्हीला नेटवर्कवरून गाणी पुरवणाऱ्या) 16/48 मध्ये बदलून पाठवायला सांगा, मूळ फाइल बदलू नका.