हल डिझाइन सॉफ्टवेअरच्या आकड्यावरून होडीत किती वजन चालेल?

नवा_सुतार: सपाट तळाची, ३.६ मीटर लांबीची प्लायवूडची होडी डेल्फ्टशिप या होडीचा आकार काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढली आहे. गोड्या पाण्यातच चालवणार. काठापर्यंत बुडवली तर विस्थापन, म्हणजे होडी बाजूला सारते त्या पाण्याचं वजन, १,०५० किलो येतं. होडीचं वजन ५५ धरलंय. म्हणजे हजारेक किलो चालेल ना?

वल्हेकरी: तो आकडा विसरा राव! तिथे होडी बुडायच्या बेतात असते, कोणी शिंकलं तरी पाणी आत. भरल्यावर काठ पाण्याच्या किती वर हवा ते आधी ठरवा आणि त्या पातळीचं विस्थापन वाचा. काठ जिथे सगळ्यात खाली आहे तिथे मोजायचं, नाकाशी नाही.

नवा_सुतार: मध्यावर खोली ३८ सेंमी. १५ सेंमी बुडाली की २१६ किलो, २० सेंमीला ३३५.

वल्हेकरी: मग काठ १८ सेंमी वर ठेवून ३३५ वजा ५५, म्हणजे २८०. माणसं, इंजिन, पेट्रोल, नांगर, डबे सगळं त्यातच. मी तरी यात दोघांनाच बसवेन.

मॉडेलही तपासून घ्या. १५ ते २० या पाच सेंमीला ११९ किलो, म्हणजे सेंमीला साधारण २४. गोड्या पाण्यात पाणरेषेचं (पाण्याच्या पातळीवर होडीच्या आडव्या छेदाचं) क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घेऊन दहाने गुणलं की हाच आकडा यायला हवा, म्हणजे क्षेत्रफळ २.४ च्या आसपास दिसलं पाहिजे. पाण्याची घनता १.०२५ ठेवली असेल तर ती समुद्राची, १.००० करा, नाहीतर आकडे अडीच टक्के फुगतात.

आणि ते ५५ कुठून आणलं? नुसत्या प्लायचं असेल तर इपॉक्सी, काचकापड, स्क्रू, रंग राहिले.

काठावरचा: होडी तरंगेल, पण उलटणार नाही कशावरून? गुरुत्वमध्य किती उंचीवर ते सॉफ्टवेअरला आपणच सांगायचं असतं. बसलेला माणूस उभा राहिला की तो झपकन वर जातो, विस्थापन मात्र तेवढंच. तळात साचलेलं पाणी एका बाजूला धावतं ते वेगळंच.

नवा_सुतार: ५५ नुसत्या प्लायचंच होतं. सांगाडा तयार आहे, तोलू कसा?

वल्हेकरी: एक टोक ठोकळ्यावर, दुसरं वजनकाट्यावर, होडी आडवी सपाट. मग टोकं बदला, दोन्ही आकड्यांची बेरीज करा. होडी ज्या दोन जागी टेकते त्या दोन्ही वेळा त्याच हव्यात. पाण्यात उतरवल्यावर पाणी कुठवर आलं ते कळायला बाहेरून चिकटपट्टी लावा आणि माणसांऐवजी वीस लिटरचे भरलेले कॅन मधोमध ठेवत जा. १५ सेंमी बुडाल्यावर आणखी सहा कॅनला पाच सेंमीच्या आसपास उतरली तर मॉडेलवर विश्वास ठेवा.

नवा_सुतार: रविवारी कॅन गोळा करतो.