मदत हवी आहे : न विचारता नेऊन परत आणून ठेवलेली गाडी कायद्याने चोरीची ठरते का?

नमस्कार. आम्ही गावी गेलो असताना झाडांना पाणी घालण्यासाठी घराची किल्ली शेजाऱ्यांकडे दिली होती. मध्यरात्रीनंतर तळेगाव टोलनाक्यावर फास्टॅगमधून पैसे कापल्याचा संदेश आला, म्हणून मी तातडीने तक्रार दिली. सकाळी गाडी आपल्या जागेवर उभी होती. डावा हेडलाइट फुटलेला आणि टाकी जवळजवळ रिकामी. खुंटीवरची किल्ली शेजाऱ्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने घेतली होती.

गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) (चोरी) खाली नोंदवला गेला आहे व त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाच्या वकिलांच्या मते गाडी कायमची ठेवून घेण्याचा हेतू नसल्याने ही चोरीच नव्हे. लागू व्हायचेच तर मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १९७ (विनापरवानगी वाहन नेणे) होईल, ज्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड अथवा दोन्ही आहे.

हा युक्तिवाद मला इंग्लंडच्या कायद्यातला वाटतो. तेथील १९६८ च्या थेफ्ट ॲक्टनुसार चोरीसाठी मालकाला वस्तूपासून कायमचे वंचित करण्याचा हेतू लागतो आणि म्हणूनच विनापरवानगी वाहन नेण्यासाठी कलम १२ वेगळे ठेवले आहे. आपल्याकडे तशी अट नाही. जोधपूरच्या हवाई दल अकादमीतील प्रशिक्षणार्थी कॅडेटने परवानगीशिवाय विमान उडवून पाकिस्तानात उतरवले, त्या के. एन. मेहरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये तात्पुरता ताबा घेणेही चोरी ठरू शकते असे सांगितले. मात्र हेतू अप्रामाणिक, म्हणजे गैरलाभ मिळवण्याचा किंवा गैरहानी करण्याचा, असायला हवा.

माझी अडचण नेमकी येथे आहे. विचारले असते तर मालकाने संमती दिली असती, असे आरोपीला रास्तपणे वाटत असल्याची न्यायालयाची खात्री पटली, तर कलम १९७ खालीही शिक्षा होत नाही. या मुलाला मी पूर्वी पार्किंगमधून गाडी बाहेर काढायला सांगितले आहे, आणि तो त्याचाच आधार घेत आहे. पार्किंगपुरती दिलेली मोकळीक एक्सप्रेसवेपर्यंत ताणता येईल, हे मला पटत नाही.

फौजदारी वकिली करणाऱ्या सभासदांनी कृपया सांगावे : जळालेले पेट्रोल आणि फुटलेला दिवा एवढ्यावरून गैरहानीचा हेतू सिद्ध होतो का? तसेच मुलाच्या नावावर चोरीचा शिक्का बसू नये अशी माझी इच्छा असल्यास, मालक म्हणून तडजोडीचा अर्ज आरोपपत्रापूर्वी करावा की नंतर न्यायालयात?