एक्सलरेटरबरोबर वाढणारी शिट्टी

तुम्ही म्हणताय की गाडी स्टार्ट केली की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते आणि रेस दिली की तिचा सूर चढतो, म्हणजे हा बहुतेक अल्टरनेटरचाच (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) आवाज आहे, त्यामुळे स्पीकर बदलायच्या भानगडीत अजिबात पडू नका. आधी अॅम्प (स्पीकरला पॉवर देणारा अॅम्प्लिफायर) बंद करून त्याच्या आरसीए केबल (स्टिरिओकडून गाण्याचा सिग्नल आणणाऱ्या) काढा, मग अॅम्प परत चालू करून, इंजिन चालू ठेवून ऐका. शिट्टी गेली तर ती केबलमधून किंवा हेडयुनिटकडून (डॅशबोर्डवरचा स्टिरिओ) येतेय, तशीच राहिली तर अॅम्पची पॉवर नाहीतर अर्थिंग (गाडीच्या पत्र्याला जोडलेली निगेटिव्ह वायर) बघा. माझ्याकडे अर्थिंगच निघालं, वायर सीटखालच्या बोल्टला नीट आवळलेली दिसत होती पण लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) उचलून बघितला तर खाली अख्खा रंग तसाच, मग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा काढला, वायर अर्ध्या मीटरपेक्षा कमी केली आणि आवाज पूर्ण बंद झाला!! आरसीए आणि बॅटरीची वायर एकाच बाजूने नेली असेल तर वेगळ्या करा. आणि हो, मोबाईल चार्जिंगला लावून ऑक्सवर (स्टिरिओला मोबाईल जोडायची केबल) गाणी ऐकता का? मग आधी चार्जर काढून बघा, कधीकधी तेवढंच असतं. शिट्टी दाबणारा नॉइज फिल्टर लगेच घेऊ नका, मूळ दोष तसाच राहतो.