मदत हवी आहे: सीजीनॅटमागच्या घरच्या सर्व्हरला बाहेरून येणाऱ्यांचा खरा आयपी कसा दाखवू?

घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर डेबियन आणि एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर टाकून छोटी वेबसाइट चालवतोय. पोर्ट ८० आणि ४४३ फॉरवर्ड करूनही ती बाहेरून उघडेना. राउटरमधला वॅन (इंटरनेटकडच्या बाजूचा) आयपी पाहिला तर तो १००.७२ पासून सुरू होणारा, म्हणजे सीजीनॅट (कंपनी एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटते, म्हणून बाहेरून थेट घरापर्यंत पोहोचता येत नाही). (कोणाचं असंच अडलं असेल तर आधी हे बघा. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा त्यासाठीच राखीव आहे.) स्टॅटिक आयपी किंवा आयपीव्ही६ इथे मिळत नाही.

म्हणून एक व्हीपीएस (सार्वजनिक आयपी असलेला भाड्याचा सर्व्हर) घेतला, तिथून घरापर्यंत वायरगार्डचा व्हीपीएन टनेल लावला, तो जिवंत ठेवणारं कीपअलाइव्ह २५ सेकंद. साइट आता छान उघडते. पण व्हीपीएसवर आयपीटेबल्स या फायरवॉलमध्ये मास्करेड (येणाऱ्याच्या पत्त्याऐवजी व्हीपीएसचा पत्ता लावणं) असल्यामुळे लॉगमध्ये प्रत्येक जण १०.०.०.१ असाच दिसतो. परवा फेलटूबॅनने (लॉग पाहून संशयास्पद आयपी अडवणारा प्रोग्राम) तोच पत्ता अडवला आणि साइट सगळ्यांसाठीच बंद पडली.

टीएलएस (https चं एन्क्रिप्शन) घरीच उघडायचं आहे, खाजगी की व्हीपीएसवर ठेवायची नाही. त्यामुळे तयार क्लाउड टनेल नको.

प्रॉक्सी प्रोटोकॉल (जोडणीच्या सुरुवातीला खरा आयपी कळवण्याची पद्धत) चाचणीपुरता लावून पाहिला. लॉगमध्ये खरा आयपी आला, पण पॅकेट व्हीपीएसकडूनच येत असल्याने पायच्या फायरवॉलला तो अडवता येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे मास्करेड काढून पायवर पॉलिसी राउटिंग करायचं, म्हणजे टनेलमधून आलेल्याचं उत्तर टनेलमधूनच जाईल आणि घरचं बाकीचं इंटरनेट नेहमीच्या वाटेने.

हे कोणी महिनोन्‌महिने चालवलंय का? त्यासाठी कनेक्शनवर मार्क (कुठून आलं त्याची खूण) लावणं गरजेचं आहे, की पायच्या टनेल पत्त्यावरून स्वतंत्र राउटिंग टेबलचा एक नियम पुरतो?