उत्तर: जुनं लाइव्ह जॅझ का ऐकायचं?

वर कुणीतरी विचारलंय की स्टुडिओत इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग मिळत असताना ही जुनी खरखरीत लाइव्ह रेकॉर्डिंगं कशाला ऐकायची. माझं उत्तर एकच, जॅझ बँडलीडर ड्यूक एलिंग्टन, अमेरिकेतला न्यूपोर्ट जॅझ फेस्टिव्हल, जुलै १९५६. रात्र बरीच झालेली, लोक घरी निघायच्या बेतात, बँडचे दिवसही तेव्हा काही फार बरे नव्हते, आणि बँडमधल्या पॉल गोन्साल्व्हिसने टेनर सॅक्सोफोनवर ब्लूजची (जॅझच्या मुळाशी असलेलं आफ्रिकन-अमेरिकन संगीत) तीच चाल सलग २७ वेळा फिरवली, प्रत्येक वेळी वेगळी! काळ्या ड्रेसमधली एक बाई उठून नाचायला लागली आणि मग पब्लिक जे सुटलं ते सुटलंच. ड्रमर जो जोन्स स्टेजच्या कडेला बसून गुंडाळलेल्या पेपरने ठेका देत होता म्हणे.

गंमत म्हणजे गोन्साल्व्हिस वाजवत होता चुकीच्या माइकसमोर, रेकॉर्ड कंपनीच्या नाही तर रेडिओवाल्यांच्या, त्यामुळे या कार्यक्रमाच्या मूळ एलपीवर (रेकॉर्डवर) त्याचा आवाज लांबून आल्यासारखा येतो. शिवाय त्या एलपीतला बराच भाग नंतर स्टुडिओत वाजवून वर टाळ्या चिकटवल्या होत्या (हो, 'लाइव्ह' अल्बम!). १९९९ला रेडिओची टेप जोडून नवीन आवृत्ती काढली, तीच ऐका. लोकांचा आरडाओरडा हळूहळू कसा चढत जातो आणि तो ऐकून बँड अजून कसा पेटतो हे स्टुडिओत कुठून आणणार?

ब्लूज हवं असेल तर गिटारिस्ट-गायक बी. बी. किंगचं शिकागोच्या रीगल थिएटरमधलं, १९६४चं लाइव्ह रेकॉर्डिंग ऐका. पण हेडफोन लावा, मोबाइलच्या स्पीकरवर निम्मी मजा जाते.